कच्चं हाड

भद्रावती पेठेतल्या त्या खोलीला एकच दार होतं आणि ते खालून हातभर कुरतडलेलं होतं. घुशीचं काम असतं तर घरमालकीण नागम्माने केव्हाच बंदोबस्त केला असता. पण ही करणी हवालदाराची होती, आणि हवालदार म्हणजे भाडेकरणीचं कुत्रं. भाडेकरीण भली होती, तिचा नवरा निर्व्यसनी होता. कुत्र्याची अडचण एवढीच होती की हे शहर आहे ही गोष्ट त्याला मान्यच नव्हती.

भाडेकरीण तानाबाई. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरची धनगरीण. मेंढरं वाघरीत कोंडली की हे कुत्रं जाळीभोवती फेऱ्या मारत बसायचं, एखादं कोकरू उशिरा आलं तर त्याच्यावर गुरकावायचं आणि सगळी आत आल्याशिवाय भाकरीला तोंड लावायचं नाही. तिचा नवरा बिरप्पा एकदा हसत म्हणाला होता, "ह्यो तर हवालदारच हाय की!" तेव्हापासून तेच नाव. अंगाने वासराएवढं, रंग राखेचा, मागच्या पायांवर उभं राहिलं की पुढचे पंजे तानाबाईच्या खांद्यावर. असलं जनावर दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायचं म्हणजे रांजण कोनाड्यात बसवण्यापैकी होतं.

बहात्तरच्या दुष्काळाने हे घडवलं. माळावर ना चारा राहिला ना पाणी. निम्मी मेंढरं डोळ्यांदेखत मेली, उरलेली बाजारात गेली. बिरप्पाला सोलापुरात एका गिरणीच्या गोदामात गठ्ठे वाहायचं काम मिळालं. "चार महिनं काडू. पाऊस झाला की मेंढरं घिऊ आन माघारी जाऊ," तो म्हणाला. पाऊस झाला. त्याच्या पुढच्या वर्षीही झाला. तिसऱ्या वर्षीही बिरप्पा "पावसाळा झाला की" म्हणत होता आणि तानाबाई मान हलवत होती. तिने अजून भांडीसुद्धा फळीवर लावली नव्हती. गोणपाटात बांधलेली तशीच होती, लागेल ते काढायचं, धुऊन परत गोणपाटात. जायचंच आहे, मग मांडामांड कशाला करायची, असा तिचा हिशेब.

खोली नागम्माच्या कापडाच्या मागांच्या पाठीमागे होती. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवस उजाडल्यापासून माग खडखडायचे आणि भिंती थरथरायच्या. खिडकी नव्हती, छपराजवळ वीतभर झरोका होता. कुत्रं गल्लीत सोडायची सोय नव्हती, कारण पेठेत मोकाट कुत्र्यांना कुणीतरी विषाचे गोळे टाकून जायचं. दोनदा तानाबाईने सकाळी कडक झालेली कुत्री गटाराकडेला पडलेली पाहिली होती. माळावर कुणा नातलगाच्या कळपात पाठवावं तर परका नर कळपात शिरला की तिथली कुत्री त्याला फाडून काढतात. म्हणून हवालदार खोलीत, आणि हवालदार खोलीत म्हणून तानाबाई खोलीत. ती नळावर गेली तरी मागे दाराची करकर सुरू व्हायची. अर्धी घागर भरून ती पळत माघारी यायची. कुणी कुणाला राखलं होतं, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"दिवसभर काय करती आत बसून?" नागम्मा विचारायची. "सुताच्या कांड्या भरायला ये की माझ्याकडं. चार बायका आहेत, बोलत बोलत होते काम."

"नगं अक्का. आमी आता जानारच की," तानाबाई म्हणायची.

नागम्मा आपल्या मागांकडे वळायची. तिचा सासराही तेलंगणातून चार महिन्यांसाठीच आला होता.

दारावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाला हवालदाराने स्वतःचा पाय चावायला घेतला. पुढचा उजवा. आधी नुसतं चाटणं, मग दातांनी केस उपटणं, मग कातडी. ना गोचीड होती ना जखम, पण तासन् तास तो पंजा तोंडात धरून दातांनी कुरतडत बसायचा. तानाबाईने हळद लावली, फडकं बांधलं. फडकं त्याने खाल्लं. रागवावं तर तो तिच्याकडे असा बघायचा की रागच गळून पडायचा. रोज कोसन् कोस चालणारं जनावर. चालायला रस्ता उरला नव्हता, म्हणून ते स्वतःलाच खात सुटलं होतं. तानाबाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. तिला स्वतःलाही कधी कधी भिंतीला नखं लावावीशी वाटत होती.

"तेला चावायला कायतरी द्यायला पायजे," बिरप्पा म्हणाला. "तोंड गुतलं की पाय वाचंल."

त्याने बाभळीचं चांगलं मनगटाएवढं लाकूड आणलं. हवालदाराने सकाळी धरलं आणि दुपारपर्यंत त्याचा भुगा करून टाकला. संध्याकाळी त्याच्या तोंडातून रक्त ठिबकत होतं. लाकडाची सळ हिरडीत उभी घुसली होती. बिरप्पाने जबडा गुडघ्यांत धरून ती चिमट्याने ओढून काढली, आणि कुत्रं एवढं मोठं असून लेकरासारखं कण्हलं. मग आली बिरप्पाची जुनी पायताणं. त्यांचा पट्टाही उरला नाही.

शेजारची सोजरबाई खानावळीत भांडी घासायची. तिने पदराआडून शिजलेल्या हाडांची पुडी आणून दिली. "मटणाची हायती. लई मऊ झाल्याती. कुत्रं खूष हुईल बघ."

तानाबाईचा चेहरा असा उतरला की सोजरबाईला वाटलं आपलं काही चुकलं. चुकलंच होतं, पण तिला ते कसं कळावं? "आमच्यात कुत्र्याला हाड देत न्हाईत," तानाबाई म्हणाली आणि पुडी तशीच परत तिच्या हातात ठेवली.

बिरप्पाच्या घराण्यात हा नियम फार कडक होता. इतर धनगर पाळत नसतील, पण या घराने पाळला होता, कारण या घराला चटका बसला होता. बिरप्पाच्या बापाचा एक कुत्रा जत्रेत कापलेल्या बकऱ्याचं हाड चघळला. चव लागली. पुढे एकदा मेंढी व्यायली आणि सकाळी कोकराच्या जागी नुसते खूर सापडले. मग दुसरं कोकरू गेलं. शेवटी म्हाताऱ्याने त्या कुत्र्याला ओढ्याकाठी नेलं आणि एकटा परत आला. तेव्हापासून कळपाच्या कुत्र्याला भाकरी आणि ताक, फार तर पिठाची लापशी. घरात मटण शिजलं की कुत्रं लांब बांधायचं.

आणि नुसतं बांधून भागत नाही, पिलाला शिकवावं लागतं. हवालदाराला तानाबाईने शिकवलं होतं. तो ओंजळीएवढा होता तेव्हा ती त्याच्यापुढे हाड ठेवायची, त्याने नाक लावलं की नाकावर टिचकी मारून "हूं!" म्हणायची, आणि त्याने तोंड फिरवलं की तळहातावरची भाकर द्यायची. महिनाभर रोज. पुढे वाटेत मेलेल्या जनावराचा सांगाडा पडलेला असला तरी हवालदार मान वळवून निघून जायचा. माळावरची माणसं बघायला यायची. "असलं कुत्रं पंचक्रोशीत न्हाय," म्हणायची. दिवसभर तानाबाईची चाल बदललेली असायची.

सोजरबाई गेली तेव्हा नागम्मा शेडच्या दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि येताना हातात एक काळा, तुळतुळीत ठोकळा घेऊन आली.

"हे दे. हाड नाही, काही नाही," ती म्हणाली.

तो पिकर होता. मागाच्या दोन्ही टोकांना, धागा वाहणाऱ्या धोट्याला टोला मारून पलीकडे पाठवणारा ठोकळा. म्हशीचं कच्चं कातडं थरावर थर दाबून तो करतात आणि तेलात मुरवतात, म्हणजे दिवसभर टोले खाऊनही फुटत नाही. झिजला की काढून टाकतात. नागम्माच्या शेडमध्ये कोपऱ्यात असल्या झिजलेल्या पिकरांची टोपली भरून पडली होती. तानाबाईने तो हातात घेऊन वास घेतला. तेलाचा वास. रक्ताचा नाही, मांसाचा नाही. दिसायला तर लाकूडच.

"पायतानाचंच कातडं की ह्ये," ती म्हणाली.

"त्याहून भारी. दगड आहे दगड. महिनाभर चावू दे."

आणि खरंच, हवालदाराने तो पिकर दोन पंजांत धरला आणि पायाचं नावच सोडलं. दाढेने एका बाजूने रगडायचा, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. दार सुटलं. पंजावर खपली धरली. पहिल्या आठवड्यात तानाबाई नळावर गेली आणि भरलेली घागर घेऊन सावकाश चालत आली. दुसऱ्या आठवड्यात ती बिरप्पाबरोबर मंगळवार बाजारात गेली. तिथे मेंढरांची एक ओळ बांधलेली होती. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, एकीच्या पाठीची लोकर बोटांनी उकलून बघितली, दुसरीचे दात बघितले. विकणारा म्हणाला, "घ्यायची का, बाई?" तिने बिरप्पाकडे बघितलं. तो भाजीवाल्याशी बोलत होता.

"पावसाळा झाला की," तिने विकणाऱ्याला सांगितलं, आणि घरी येताना ती कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलत होती. कुठल्या गावच्या मेंढ्या घ्यायच्या, एडका कुणाकडून आणायचा. बिरप्पा "व्हय, व्हय" म्हणत चालत होता.

पिकर झिजत गेला. एकाचा तुकडा लहान झाला की नागम्मा दुसरा द्यायची. लहान झालेला तुकडा कुठे जातो, हे ना नागम्माने विचारलं ना तानाबाईने. संपला म्हणजे संपला. माळावर भाकरी संपते तशी.

मग एका सकाळी हवालदार उठला नाही. भाकरीचा तुकडा तोंडाशी धरला तर त्याने मान वळवली. दुपारी पिवळं ओकला, पुन्हा ओकला, आणि मग नुसते ओकारीचे उमाळे, बाहेर काहीच नाही. पोट ढोलासारखं ताठलं. तानाबाईने हात लावला तर तो दात विचकून गुरगुरला. तिच्यावर! जन्मात पहिल्यांदा. ती धावत गिरणीच्या फाटकापाशी गेली, बिरप्पाला बाहेर काढलं, आणि दोघांनी कुत्र्याला नागम्माच्या सुताच्या हातगाडीवर घातलं. भर उन्हात ती गाडी जनावरांच्या दवाखान्यापर्यंत ढकलली. नागम्मा शेडच्या दारात तोंडावर पदर धरून उभी राहिली. "अय्यो, मीच दिलं ते," एवढंच ती म्हणत होती.

डॉक्टर चाळिशीचे, घामाघूम, कुणाच्या तरी म्हशीजवळून उठून आले. त्यांनी हवालदाराचं पोट चाचपलं आणि एका जागी बोटं थांबली.

"काय खायला घालता याला?"

तानाबाईने पदराला बांधलेला पिकरचा उरलेला तुकडा काढून दिला. डॉक्टरांनी तो फिरवून बघितला आणि कपाळाला हात लावला. "कातडं आहे हे, बाई. पोटात ओलं झालं की फुगतं. वर यंत्राचं तेल. मोठा तुकडा गिळलाय त्याने आणि तो आतड्याच्या शेवटाकडे अडकलाय. आता देवाचं नाव घ्या. औषध देतो. नाही सुटला तर पोट फाडावं लागेल."

पोट फाडावं लागलं नाही. तेल पाजलं, एनिमा दिला, दवाखान्याच्या मागच्या लिंबाखाली तानाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. उन्हं कलता कलता हवालदार धडपडत उठला, कुंथला, आणि तो काळा, फुगलेला गोळा बाहेर पडला. पाठोपाठ हे मोठं धूड मटकन खाली बसलं आणि तानाबाईचा हात चाटायला लागलं. ती हमसून हमसून रडली. दवाखान्यात आलेली माणसं बघत होती, बघू देत.

डॉक्टरांनी मग पंजा बघितला. आजाराच्या त्या एका दिवसात त्याने खपली पुन्हा फाडली होती, आतलं लाल मांस दिसत होतं.

"हे असंच चालू राहिलं तर पाय सडेल आणि कापावा लागेल," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या कुत्र्याला चघळायला काहीतरी लागणारच. पण कसलंही नाही. लाकडाच्या सळी घुसतात. कातडं तुम्ही बघितलंच. शिजलेलं हाड तर मुळीच नको, ते फुटून सुरीसारखं आतडं कापतं. कच्चं हाड द्या. सांध्याकडचं, गोल, त्याच्या जबड्यात अख्खं मावणार नाही एवढं. तुम्ही समोर बसायचं. झिजून लहान झालं की काढून घ्यायचं आणि नवं द्यायचं. म्हशीचं मिळालं तर उत्तम."

"म्हशीचं आमच्या घरात यायचं न्हाय," बिरप्पा म्हणाला.

"मग मोठ्या एडक्याचं. खाटकाकडे मिळेल."

तानाबाईचं उत्तर तयारच होतं. "आमच्यात कुत्र्याला हाड देत न्हाईत, सायेब."

"माळकरी आहात?"

"न्हाय की. आमी धनगर. मटन खातो आमी."

"तुम्ही खाता आणि त्याला नाही?" डॉक्टर चक्रावले. तिने सगळं सांगितलं. मेंढराच्या हाडाची चव लागलेलं कुत्रं मेंढरांत ठेवता येत नाही. आज ना उद्या ते कोकरावर जातं. मग त्याला मारावंच लागतं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मेंढरं किती आहेत?"

तानाबाईने नवऱ्याकडे बघितलं. बिरप्पाने मुंडाशाच्या टोकाने मान पुसली. "येनार हायती," तो म्हणाला. "पावसाळा झाला की."

"म्हणजे आज नाहीत."

"आज न्हाईत."

"कुत्रं आज आहे आणि पाय आज सडतोय," डॉक्टर म्हणाले आणि म्हशीकडे निघून गेले. चिडून नव्हे. त्यांची म्हैस खोळंबली होती.

घरी आल्यावर तानाबाईने हात टेकले नाहीत. तिने कातडी बाजारातून बैलाच्या शिंगाचा तुकडा मिळवला. शिंग म्हणजे काही हाड नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. हवालदाराने ते दाढेखाली घेऊन जोर केला आणि कट्कन आवाज आला. दाढेचा टवका उडाला होता. तिने नारळाच्या शेंड्यांचा घट्ट गोळा वळून बघितला, सुताच्या जुन्या दोराला गाठी मारून बघितल्या. दोर त्याने उसवला आणि धागे गिळायला लागला तेव्हा तिने त्याच्या घशात बोटं घालून ते ओढून काढले. दिवसभर ती त्याचा पंजा आपल्या हातात धरून बसायची. भाकरी करायला उठली की तो पायाला भिडायचा. भाकरी तव्यावर करपायची आणि ती पिठाच्या हातांनी त्याचं थोबाड धरायची. पुढे माग खडखडत असायचे. झरोक्यातून उन्हाचा पट्टा भिंतीवर यायचा, सरकायचा, जायचा. पंजाला आता वास येऊ लागला होता.

बिरप्पा सगळं बघत होता. एका सुटीच्या दिवशी जेवण झाल्यावर तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. कागदावर लाल ओल उतरली होती. कुत्र्याने नाक वर केलं आणि लगेच तोंड भिंतीकडे फिरवलं. तानाबाईला पुडी सोडून बघायची गरज नव्हती.

"एडक्याचा सांधा हाय," बिरप्पा म्हणाला. "जोतीराम खाटकाकडनं. मोठा बगून घेतला. दे तेला."

"डोकं फिरलंया का तुमचं? चव लागली की मेंढरांत कसं न्यायचं ह्येला?"

बिरप्पा उंबऱ्यावर बसला. पायाच्या अंगठ्याने त्याने फरशी उकरली. मग म्हणाला, "गिरनीत मला कायम केलंया."

"कवा?"

"दिवाळीच्या आदी."

तानाबाईला आधी अर्थच लागला नाही. कायम म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. पेठेतल्या बायका कुणाचा नवरा कायम झाला की पेढे वाटायच्या. पण हा शब्द आपल्या घरात कसा आला, ते तिला कळेना.

"मेंढरं?"

"कुटं चारायची, ताने? मी माळावर जाऊन आलो मागं, भावकीतल्या म्हाळसाच्या लग्नाला गेलतो तवा. माळ नांगरलाया लोकांनी. पडीक रान कुनी ठेवलंच न्हाय. आन मला बी आता उनातानात हिंडवत न्हाय. हितं सावलीत काम हाय."

"मग मला रोज का म्हनत हुता पावसाळा झाला की? त्या डाक्तरापुढं बी म्हनला!"

"तू माज्याकडं बगत हुतीस," बिरप्पा म्हणाला. "तू बगतीस तवा मला दुसरं कायबी बोलताच येत न्हाय."

तिला वाटलं उठावं आणि त्याच्या मुंडाशाला धरून हलवावं. त्या बाजारात तिने मेंढरांचे दात मोजले तेव्हा हा भाजीवाल्याशी बोलत होता! घरी येताना ती एडक्याचं बोलत होती आणि हा "व्हय, व्हय" म्हणत होता! लहान पोराला झोपवताना म्हणतात तसं. तिला त्याचा भयंकर संताप आला, आणि संतापातही दिसत होतं की त्याच्या पाठीला गठ्ठ्यांनी पोक आलंय, आणि तो खोटं बोलत नाहीये. खोटं तो इतके दिवस बोलत होता.

खोलीत कण्हल्याचा आवाज आला. हवालदाराने पंजा तोंडात घेतला होता. तिने तो सोडवला. बोटांमध्ये ओलं, गरम मांस लागलं आणि त्याचा कुजका वास हाताला बसला. हा पाय गेला तर हे तीन पायांचं कुत्रं या चार भिंतींत मरेपर्यंत बसणार होतं. पाय राहिला तरी बसणारच होतं. पण मग निदान दुखणार तरी नव्हतं.

तिने पुडी सोडली. एडक्याचा सांधा तिच्या मुठीपेक्षा मोठा होता, पांढरा, वर गुलाबी मांसाचे धागे. तिने तो हवालदारापुढे ठेवला.

त्याने बघितलंही नाही. मान भिंतीकडे वळवली. लाळ मात्र गळायला लागली, दोन्ही बाजूंनी तार लागली, अंग थरथरायला लागलं, पण मान वळवलेलीच राहिली. ओंजळीएवढा असताना शिकलेलं तो विसरला नव्हता. तिरक्या डोळ्याने तो तानाबाईच्या हाताकडे बघत होता. आपण शहाण्यासारखं वागलोय, आता भाकर मिळेल, याची वाट बघत होता.

"खा," तानाबाई म्हणाली.

त्याने शेपटी आपटली आणि आणखी तोंड फिरवलं.

"खा रे. म्या सांगते न्हवं!"

बिरप्पा उंबऱ्यावरून उठून बाहेर गेला. तिने ते हाड उचललं, दोन्ही तळहातांनी चोळलं, हाताचा वास त्याला लागेपर्यंत चोळलं, आणि भाकर धरायची तसं तळहातावर धरून त्याच्या नाकाखाली नेलं. हवालदाराने आधी तिचा अंगठा चाटला. मग मनगट. मग तिच्या तोंडाकडे बघितलं, टिचकी बसणार का ते. तिने हात मागे घेतला नाही.

"खा, माज्या वाघा," ती म्हणाली. "मेंढरं न्हाईत आता. कुनाचीच न्हाईत. तुज्यावर कुनी रागवनार न्हाय. खा."

त्याने दातांची टोकं हळूच हाडाला लावली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्याने ते हातातून काढून घेतलं, अलगद, एकही दात तिला न लागू देता. दोन्ही पंजांत धरलं आणि दाढेखाली घेतलं. पहिल्यांदा सावकाश. मग डोळे मिटून. हाड खरवडल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही ऐकू येत होता. त्याचे खांदे सैल झाले, शेपटी जमिनीवर इकडून तिकडे फिरली. या शहरात आल्यापासून तानाबाईने त्याला इतकं सुखात कधी बघितलं नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला कुत्र्याचा राग आला, आणि आपल्याला राग आला म्हणून रडूही आलं. बिरप्पाने वाट बघणं कधीच सोडून दिलं होतं. आता तिने स्वतःच्या हाताने कुत्र्यालाही सोडायला लावलं होतं. त्या खोलीत मेंढरांची वाट बघणारी ती एकटीच उरली होती.